काचपेपर हाती घेण्याआधी : मुलांचं जुनं फर्निचर रंगवून वाटणाऱ्या मंडळींना खुले पत्र

सप्रेम नमस्कार.

कुणाच्या माळ्यावर धूळ खात पडलेली कॉट, पाय डुगडुगणारी छोटी खुर्ची, शाळेने मोडीत काढलेली बाकं, झुलणारा लाकडी घोडा. तुम्ही हे सगळं गोळा करता, खिळे ठोकता, घासूनपुसून रंगाचे दोन हात देता आणि ज्या घरात तान्हं बाळ आलंय तिथे पोचवता. काम चांगलं आहे, आणि त्यात खोट काढायला मी बसलेलो नाही. जुन्या लाकडाच्या दुरुस्तीत माझीही बरीच वर्षं गेली आहेत, त्यामुळे टाकून दिलेली वस्तू पुन्हा उभी राहिली की काय वाटतं ते मला ठाऊक आहे. माझं म्हणणं मधल्या एका पायरीबद्दल आहे. घासण्याबद्दल.

जो रंग तुम्ही काचपेपरने उतरवता, त्यात काय आहे हे सहसा कुणी विचारत नाही. रंग जुना आहे, पोपडे सुटलेत, घासला की नवा रंग नीट धरेल, एवढाच विचार असतो. उत्साही मुलंमुली तोंडाला साधा रुमाल बांधून, कधी तोही न बांधता, कोरडं घासत बसतात आणि बाजूला त्यांचीच धाकटी भावंडं ‘मदत’ करत असतात. त्या पांढऱ्या भुकटीत शिसं असेल तर मुलांना विष देण्याचा याहून सोपा रस्ता शोधून सापडणार नाही. म्हणून स्पष्टच मागतो: ज्या जुन्या रंगाचा ठावठिकाणा माहीत नाही त्याला कोरडा काचपेपर लावणं आजपासून बंद करा. आणि ती वस्तू मुलाच्या तोंडाशी येणारी असेल, तर रंगाची तपासणी झाल्याशिवाय ती पुढे देऊ नका.

शिसं रंगात कुणी चुकून घातलं नव्हतं. रंगाऱ्यांचा पांढरा सफेदा कित्येक वर्षं शिशाच्या कार्बोनेटचा असे. तो छान झाकायचा, पाण्याला दाद द्यायचा नाही, लाकूड फुगलं-आकसलं तरी चटकन तडकायचा नाही. लोखंडाला गंज धरू नये म्हणून शेंदरी अस्तर मारत, तेही शिशाच्याच ऑक्साइडचं. झगझगीत पिवळा आणि नारिंगी शिशाच्या क्रोमेटमधून यायचा, त्यात निळा मिसळला की हिरवा. या सगळ्यांशिवाय, ऑईलपेंट लवकर वाळावा म्हणून घालायच्या द्रव्यांतही शिशाचे क्षार असत. तेव्हा रंग पांढरा नाही म्हणजे धोका नाही, असं समजू नका. मुलांच्या वस्तूंना तर हौसेने पिवळा, नारिंगी, हिरवाच द्यायचा, आणि नेमके तेच रंग जास्त संशयाचे. लोखंडी कॉटचा रंग उडाल्यावर खाली शेंदरी थर दिसला, तर ‘हा काय नुसता प्रायमर’ म्हणून तारेच्या ब्रशने खरवडू नका. तो लोखंडाच्या ऑक्साइडचा साधा रेडऑक्साइड असेल किंवा शिशाचा असेल. डोळ्यांना दोन्हींतला फरक कळत नाही.

हे ज्ञान नवीन नाही, आणि याचाच मला जास्त राग येतो. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनचे डोळ्यांचे डॉक्टर जॉन लॉकहार्ट गिब्सन यांनी 1904 मध्येच बोट ठेवलं होतं, की मुलांना होणाऱ्या शिशाच्या विषबाधेचं मूळ व्हरांड्याच्या कठड्यावरच्या, भुकटी होत चाललेल्या रंगात आहे. फ्रान्सने 1909 मध्ये इमारतींच्या रंगकामात सफेद्याला बंदी करणारा कायदा केला. 1914 मध्ये अमेरिकेत बाल्टिमोरच्या हेन्री थॉमस आणि केनेथ ब्लॅकफॅन या डॉक्टरांनी एका मुलाची हकिगत छापली. तो मुलगा शिशाच्या विषबाधेने दगावला होता, आणि शिसं त्याच्या पोटात गेलं होतं ते त्याच्याच कॉटच्या कठड्यावरचा पांढरा रंग कुरतडून. म्हणजे या विषयात कॉट हे काही मी ओढूनताणून आणलेलं उदाहरण नाही; शंभराहून जास्त वर्षांपूर्वी आरोपी तीच होती. 1921 मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने सफेद्याविरुद्ध करार केला, तो मुख्यतः रंगाऱ्यांचा जीव वाचावा म्हणून. एवढं होऊनही अमेरिकेने घरगुती रंग, खेळणी आणि फर्निचर यांवर बंधन घातलं ते थेट 1978 मध्ये.

हे 1978 साल आता सगळीकडे पाठ झालंय. ‘आमची कॉट त्यानंतरची आहे, काळजी नाही’ असं लोक छातीठोक सांगतात. पण ते साल एका देशाचं आहे. भारतात घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिशाची मर्यादा 90 पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत नव्वद भाग, अशी लागू झाली ती नोव्हेंबर 2017 पासून. जगातल्या जवळपास निम्म्या देशांत अशी कायदेशीर सक्तीची मर्यादा अजूनही नाही. त्यात वस्तू एका देशात बनते, दुसऱ्यात विकली जाते आणि तिसऱ्यात जुनी होते. शिवाय जुन्या डब्यातला उरलेला रंग वर्षानुवर्षं कपाटात राहतो आणि मग एखाद्या सुटीत खुर्चीवर चढतो. वस्तूचं वय हा फार तर एक इशारा आहे, पुरावा नाही.

आता धोका किती, ते एका छोट्या हिशोबाने पाहू. अमेरिकेच्या नियमात घराच्या रंगाला ‘शिशाचा रंग’ म्हणण्याची एक मर्यादा आहे: दर चौरस सेंटिमीटरमागे 1 मिलिग्रॅम शिसं. करंगळीच्या नखाएवढा, जेमतेम एक चौरस सेंटिमीटरचा पोपडा घ्या. अगदी या काठावरच्या रंगाचा घेतला तरी त्यात 1,000 मायक्रोग्रॅम शिसं असतं. तिथल्याच अन्न व औषध प्रशासनाने मुलांच्या आहारातून रोज पोटात जाणाऱ्या शिशासाठी धोक्याची खूण म्हणून जो आकडा धरला आहे, तो 2.2 मायक्रोग्रॅम. म्हणजे एका पोपड्यात सव्वा वर्षाचा ऐवज. पोपड्यातलं सगळं शिसं अंगी लागत नाही, हे खरं. पण जुन्या सफेद्याच्या रंगात शिसं या काठाच्या कितीतरी पट असायचं, आणि मूल एक पोपडा खाऊन थांबतं असं कुणी सांगितलं?

जुन्या कॉटचा वरचा दांडा कधी उजेडात तिरका धरून पाहा. बाळ उभं राहायला लागलं की हनुवटी टेकते तिथेच, दोन्ही हातांच्या पकडीच्या मधे, बारीक खाचांची रांग दिसते. दातांच्या खुणा. रंग तिथे कडेने तुटलेला असतो आणि त्या तुटलेल्या कडेत थर मोजता येतात: वर गुलाबी, खाली फिकट हिरवा, मग क्रीम, आणि लाकडाला चिकटून खडूसारखा मऊ पांढरा. प्रत्येक बाळाच्या वेळी कुणीतरी हौसेने एक थर चढवलेला असतो, पण दात सगळ्यांत खालच्या थरापर्यंत पोचलेले असतात. म्हणून ‘वरून चांगला नवा रंग मारू, म्हणजे आतलं आतच राहील’ हा तुमचा आवडता तोडगा मला पटत नाही. भिंतीवर, जिथे कुणी चावत नाही आणि काही घासलं जात नाही, तिथे झाकणं चालतं. कॉटचा दांडा, खुर्चीची पाठ, घोड्याचे कान, टेबलाची कड या मुलं चावणारच. खणाच्या कडा, बिजागऱ्या, सरकत्या पट्ट्या इथे लाकडाला लाकूड घासून रोज थोडी भुकटी पडत राहते.

आणि खरी गोम भुकटीतच आहे. पोपडा निदान दिसतो. भुकटी फरशीवर, बोटांवर, खेळण्यांवर बसते आणि हात तोंडात घालण्याच्या वयातलं मूल ती दिवसभर चाटत असतं. अखंड, घट्ट धरलेला शिशाचा रंग त्या मानाने गप्प असतो. त्याला जागवतो तो आपला काचपेपर. तुम्ही ज्याला साफसफाई समजता ती क्रिया त्या वस्तूच्या आयुष्यातली सगळ्यांत धोकादायक घटका असू शकते.

लहान मुलांच्याच बाबतीत इतकं का ताणायचं? कारण पोटात गेलेल्या शिशापैकी मोठ्या माणसाच्या चार-पाच पट शिसं लहान मूल शोषून घेतं. शरीरात लोह आणि कॅल्शियम कमी असेल तर आणखी जास्त. हे वाक्य तुमच्यासाठी मुद्दाम लिहिलंय, कारण तुम्ही ज्या घरांना वस्तू देता, त्यांतल्या काही घरांत मुलांच्या खाण्याची आबाळ असते. म्हणजे ज्याला हे विष सगळ्यांत जास्त लागणार, त्याच्याच घरी आपण ते भेट म्हणून नेतो. ‘काहीच नसण्यापेक्षा बरं’ हा युक्तिवाद इथे टिकत नाही. खुर्ची नसेल तर मूल जमिनीवर बसेल. त्याने त्याचं काही बिघडत नाही.

शिसं मेंदूच्या वाढीवर घाला घालतं: बुद्धी, लक्ष, वागणं. झालेलं नुकसान भरून येत नाही. जागतिक आरोग्य संघटना सांगते की रक्तातली अमुक पातळी सुरक्षित, अशी ज्ञात मर्यादाच नाही. थोड्या प्रमाणात बाहेरून काहीच दिसत नाही. मूल हसतं-खेळतं असतं आणि आत काम चालू असतं. हाडांत साठलेलं शिसं कित्येक वर्षं तिथे राहतं आणि बाई गरोदर राहिली की त्यातलं काही पुन्हा रक्तात उतरून गर्भापर्यंत जातं. ‘आम्ही याच कॉटमध्ये वाढलो, आम्हाला काय झालं?’ हे मला हमखास ऐकवलं जातं. काय झालं ते कळायला, कॉटशिवाय वाढलेले तुम्ही शेजारी उभे करता यायला हवे होतात.

तपासणीबद्दल नीट लिहितो, कारण इथे खोटा दिलासा स्वस्तात मिळतो. रंगाला पुसल्यावर लाल किंवा काळ्या होणाऱ्या काड्यांचे संच मिळतात. एका प्रकारातलं रसायन शिसं भेटलं की गुलाबी-लाल होतं, दुसऱ्यातलं काळपट. काडी फक्त ज्याला टेकते त्या थराबद्दल बोलते. वरच्या गुलाबी थरावर फिरवून खालच्या पांढऱ्याचं काही कळत नाही. म्हणून लाकडापर्यंत तिरका छेद घेऊन सगळे थर उघडे करावे लागतात. त्यातही मूळचा रंग लाल असेल तर लाल होणारी काडी फसवते, गडद असेल तर काळी होणारी. 2007 मध्ये अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने असे घरगुती संच तपासले, तेव्हा निम्म्याहून जास्त निकाल शिसं असताना ‘नाही’ सांगणारे निघाले. तेव्हा काडी लाल झाली तर त्या वस्तूवरचं काम तिथेच थांबवा. काडी लाल झाली नाही, तर मात्र त्यावरून काहीही ठरवू नका. खात्री हवी असेल तर सगळ्या थरांसकट रंगाचा तुकडा प्रयोगशाळेत द्यावा, किंवा एक्सआरएफ यंत्राने मोजून घ्यावं. हे यंत्र क्ष-किरण टाकून, रंग न खरवडता आतलं शिसं सांगतं. एकेका स्टुलासाठी हा खर्च कुणी करणार नाही, मान्य. पण वस्तूंचा ढीग जमला की एक दिवस यंत्र आणि ते चालवणारा माणूस बोलावता येतो. तुमच्यासारख्या दोन-चार गटांनी मिळून केलं तर ते अशक्य मुळीच नाही.

कॉटच्या बाबतीत मी एवढाही खटाटोप करणार नाही. जुनी कॉट शिशाशिवायसुद्धा वाईट असू शकते. गजांमधली फट 6 सेंटिमीटरहून जास्त असेल तर बाळाचं अंग सरकून डोकं अडकतं. एक बाजू खालीवर सरकणाऱ्या कॉटमध्ये बाळं अडकून गुदमरली, म्हणून 2011 पासून अमेरिकेत त्या विकायलाच मनाई आहे. रंग संशयास्पद, फटी मोठ्या, कड्या ढिल्या, एवढं सगळं दुरुस्त करून शेवटी हाती येणार काय? तिचे तुकडे करा. मोह होतो, मला कळतं. सागवानी असेल तर जास्तच होतो. तरी तुकडेच.

बाकीच्या वस्तूंचा रंग पूर्ण उतरवून नितळ लाकूड ठेवलं तर? जमतं, पण ते स्वयंसेवकांच्या रविवारचं काम नव्हे. ब्लोटॉर्च तर हातातही धरू नका. शिसं 327 अंशांना वितळतं आणि ज्वाळेच्या झळेत त्याचा धूर छातीत जातो. हीट गन, म्हणजे गरम हवा सोडून रंग सैल करणारं यंत्र, तीही फार तापवली, सुमारे 590 अंशांच्या वर, तर तेच. काही रंग-उतारू द्रव्यांत मिथिलीन क्लोराइड असतं आणि बंद खोलीत त्याने माणसं मेलेली आहेत. मशीनने घासलं तर अख्ख्या घरात भुकटी. आणि इतकं करूनही लाकडाच्या रंध्रांत, सांध्यांत, कोरीव नक्षीत शिसं उरतंच. साधं स्टूल असेल तर सोडून द्या. आजीची आठवण म्हणून कुणाला जपायचंच असेल तर ते मोठ्यांच्या खोलीत, मुलांच्या हाताबाहेर राहू दे. बाहुल्या मांडायला नको, पुस्तकं ठेवायला चालेल.

मोडायचं किंवा हलवायचं असेल तेव्हाची रीत सांगतो. उघड्यावर वारा असताना करू नये. जाड प्लॅस्टिक अंथरावं, वस्तूवर पाणी फवारत राहावं, सुटलेले पोपडे ओल्यानेच टिपावेत. मुलं आणि गरोदर बाई आसपास नकोत. ‘त्या खोलीत’ नव्हे, त्या घरातच नकोत. रुमाल किंवा कापडी मास्क म्हणजे फक्त मनाचं समाधान. हेपा दर्जाचे, म्हणजे अगदी बारीक भुकटीही अडवणारे फिल्टर असलेला, चेहऱ्याला घट्ट बसणारा रेस्पिरेटर लागतो. नंतर झाडू नाही आणि घरचा साधा व्हॅक्यूम क्लीनरही नाही, कारण तो बारीक भुकटी मागून परत हवेत सोडतो. ओल्या फडक्याने पुसायचं, फडकं टाकून द्यायचं, दुसरं घ्यायचं. हात साबणाने धुवायचे. सॅनिटायझरने शिसं निघत नाही. कामाचे कपडे बाळाच्या कपड्यांबरोबर धुवायचे नाहीत, आणि त्याच कपड्यांत घरी जाऊन मुलाला उचलून तर अजिबात घ्यायचं नाही. रंगाऱ्यांच्या मुलांना शिसं असंच लागतं.

तुकडे प्लॅस्टिकमध्ये बांधून, घातक कचरा घेण्याची सोय असेल तिथे द्या. जाळू नका. जळण म्हणून तर कुणालाही देऊ नका, कारण शिसं जळून नाहीसं होत नाही. ते धुरात आणि राखेत जातं, आणि ती राख कुठे पडेल याचा नेम नसतो. अख्खी वस्तू उकिरड्यावर ठेवलीत, तर दुसऱ्या दिवशी कुणीतरी ती उचलून आपल्या बाळासाठी नेणार. तुम्हीही वस्तू अशाच तर मिळवता.

एक मागणी उरली, आणि ती तुम्हाला अवघड जाईल. आतापर्यंत दिलेल्या वस्तूंची यादी काढा आणि त्या घरांना फोन करा. घाबरवायला नव्हे. एवढंच सांगा: जुना रंग असलेली वस्तू तूर्त बाजूला ठेवा, घासू नका; ती ठेवली होती तिथली फरशी आणि खेळणी ओल्याने पुसून घ्या, आणि मूल सहा वर्षांच्या आतलं असेल तर डॉक्टरांना विचारून रक्तातलं शिसं तपासून घ्या. बोटाला टोचून घेतलेल्या रक्तात कातडीवरचं शिसं मिसळून आकडा फुगू शकतो, म्हणून आकडा जास्त आला तर शिरेतून रक्त घेऊन पुन्हा तपासायचं असतं. हे आईबापांना आधीच सांगितलं तर त्यांची एक रात्र तळमळत जाणार नाही. एक डेसिलिटर, म्हणजे 100 मिलिलिटर रक्तात 5 मायक्रोग्रॅम किंवा जास्त शिसं निघालं, तर ते कुठून येतंय हे शोधून बंद करा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रांनी तर 2021 मध्ये लक्ष देण्याची पातळी 3.5 वर आणली. शिशाचं मूळ घरातून गेलं की रक्तातला आकडा महिन्या-दोन महिन्यांत उतरू लागतो. औषधं देऊन शिसं बाहेर काढण्याची वेळ सहसा आकडा 45 च्या पुढे गेल्यावर येते.

काही घरं तुमच्यावर चिडतील. दिलेली वस्तू परत मागणारे तुम्ही पहिलेच असाल. तरी फोन करा, आणि त्यांची वस्तू उचलून आणायला माणूसही पाठवा. नाहीतर ती त्यांच्याकडून शेजारच्या घरी जाईल.

कळावे,

जुन्या लाकडाच्या दुरुस्तीतला तुमचाच एक सहकारी